एमएसडब्ल्यू करायचंय? मग निकालाची वाट बघत बसू नका

जुहूला रेल्वे स्टेशन नाही, पण समाजकार्याच्या अभ्यासक्रमातले जवळजवळ सगळे विषय तिथं चालत फिरून बघता येतात. जेव्हीपीडीतले बंगले, त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर नेहरूनगरची दाटीवाटीची वस्ती, मोरागावचा कोळीवाडा, चौपाटीवरचे फेरीवाले आणि पलीकडे पालिकेचं कूपर हॉस्पिटल. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलामुलींना बी.ए. किंवा बी.कॉम. करता करता वाटू लागतं की आपण एमएसडब्ल्यू करावं. हे वाटतं बहुतेक वेळा तिसऱ्या वर्षाला. आणि चौकशी सुरू होते निकाल लागल्यावर, म्हणजे जून-जुलैमध्ये.

तोवर देशातल्या सगळ्यात जुन्या समाजकार्य संस्थेचे अर्ज बंद होऊन काही महिने उलटलेले असतात. आणि ती संस्था दिल्लीत नाही, याच शहरात देवनारला आहे.

हे असं का होतं आणि अर्ज करताना नेमकं काय बघायचं?

समाजसेवा वेगळी, समाजकार्य वेगळं

मराठीत हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थानं वापरले जातात. पण चौकातल्या बॅनरवर ज्यांच्या नावाखाली ‘समाजसेवक’ लिहिलेलं असतं, त्यांना एमएसडब्ल्यूची गरज नसते. समाजकार्य हा शिकून करायचा आणि पगार घेऊन करायचा व्यवसाय आहे.

समजा, एका मजुरानं टीबीची औषधं दोन महिन्यांत सोडली. डॉक्टर त्याला पुन्हा गोळ्या लिहून देतील. पण गोळ्या घ्यायला आलं की त्याचा रोज बुडत होता, की मुकादमाला आजार कळला तर काम जाईल अशी भीती होती, की घरी खायचीच मारामार होती, हे शोधून त्यातून वाट काढणं हे समाजकार्यकर्त्याचं काम. सरकारी हॉस्पिटलांत त्यासाठी ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ असं पदच असतं.

भारतात हे शिक्षण सुरू झालं ते मुंबईतच. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी १९२०च्या दशकात नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम करत होते. त्यांच्या पुढाकारानं आणि टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये तिथं ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ उभी राहिली. नावातल्या ‘ग्रॅज्युएट’ शब्दाला अर्थ होता: पदवीधरांनाच प्रवेश. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. हीच आजची ‘टिस’.

दुसरं जुनं नाव म्हणजे चर्चगेटजवळचं निर्मला निकेतन. हे समाजकार्य महाविद्यालय १९५५ पासून सुरू आहे. मुंबईबाहेर पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, अहिल्यानगरची सीएसआरडी, नागपूरचं मातृ सेवा संघाचं महाविद्यालय, कोल्हापूरची सायबर आणि टिसचंच तुळजापूरचं केंद्र. महाराष्ट्रात पर्याय कमी नाहीत. पदवी कुठल्याही शाखेची चालते. बीएसडब्ल्यू केलेलं असलंच पाहिजे असं नाही. टिसमध्ये पदवीचं नाव ‘एम.ए. सोशल वर्क’ असतं आणि बाकी ठिकाणी ‘एमएसडब्ल्यू’, पण नोकरीच्या जाहिरातींत दोन्ही सहसा एकाच मापानं मोजतात.

दोन दारं, दोन कॅलेंडर

खरी गोम इथं आहे. पहिलं दार केंद्राचं. टिस आधी ‘टिसनेट’ नावाची स्वतःची परीक्षा घ्यायची. २०२४-२५ च्या प्रवेशापासून ती बंद झाली आणि ‘सीयूईटी-पीजी’ या राष्ट्रीय परीक्षेचे गुण धरले जाऊ लागले. या परीक्षेची नोंदणी साधारण डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत सुरू होते आणि परीक्षा मार्चमध्ये होते. म्हणजे तिसऱ्या वर्षाचं शेवटचं सेमिस्टर धड सुरूही झालेलं नसतं, तेव्हा अर्ज भरायचा असतो. निकाल बाकी असला तरी अर्ज करता येतो. अडतो तो फक्त निकालाची वाट बघणारा.

परीक्षेत ७५ प्रश्न असतात. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. पेपर इंग्रजी-हिंदीत येतो, मराठीत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे आधीच लक्षात घेऊन सराव करावा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते: सीयूईटीचा अर्ज भरला म्हणजे टिसचा अर्ज झाला असं नाही. टिसच्या प्रवेश पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते. त्यानंतर ‘टिसपॅट’ ही चाचणी आणि ऑनलाइन मुलाखत.

टिसमध्ये समाजकार्याच्या एम.ए.चे विषयवार वेगळे कोर्स राहिले आहेत. मानसिक आरोग्य, गुन्हेशास्त्र आणि न्याय, महिला, मुलं आणि कुटुंब, अपंगत्व असे. त्यामुळे ‘आधी आत शिरू, मग बघू’ हा हिशोब तिथं फारसा चालत नाही.

दुसरं दार राज्यातल्या विद्यापीठांचं आणि त्यांच्या महाविद्यालयांचं. इथली प्रक्रिया सहसा पदवीच्या निकालांच्या आसपास, उन्हाळा संपता संपता सुरू होते. कुठे महाविद्यालयाची स्वतःची लेखी परीक्षा, कुठे गटचर्चा आणि मुलाखत, कुठे सरळ गुणवत्ता यादी. विदर्भ-मराठवाड्यातल्या बऱ्याच समाजकार्य महाविद्यालयांत वर्गात मराठीच बोललं जातं. हे काही कमीपणाचं लक्षण नाही. काम मराठी वस्तीत करायचं असेल तर उलट सोयीचंच आहे.

निकालाच्या बाबतीत मुंबईच्या मुलांनी एक जुनी गोष्ट आठवावी. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन पेपर तपासणीचा बोजवारा उडाला, निकाल काही महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद सोडावं लागलं. बाहेर प्रवेश मिळालेल्यांची त्या वर्षी गुणपत्रिकेसाठी पळापळ झाली. निकाल लांबला तर कॉलेजकडून ‘निकाल प्रलंबित’ असल्याचं पत्र आणि आधीच्या सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका लागतात. त्या हाताशी ठेवलेल्या बऱ्या.

दाखल्यांचा घोळ

जागा हुकण्याचं सगळ्यात वाईट कारण म्हणजे गुण नव्हे, दाखला. कारण केंद्राची आणि राज्याची आरक्षणाची यादी एक नाही.

केंद्रात पाचच कप्पे आहेत: एससी १५ टक्के, एसटी ७.५, ओबीसी २७, ईडब्ल्यूएस १० आणि उरलेला खुला. राज्यात विमुक्त जाती, भटक्या जमातींचे ब, क, ड असे गट, विशेष मागास प्रवर्ग आणि २०२४ च्या कायद्यानं आलेला १० टक्क्यांचा एसईबीसी प्रवर्ग हे सगळे वेगळे आहेत. त्यामुळे राज्यात ‘एनटी-सी’ असलेल्याला केंद्राच्या अर्जात तसा कप्पाच सापडत नाही. यातल्या बऱ्याच जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण सगळ्या नाहीत. केंद्राच्या यादीत आपल्या जातीचं नाव, स्पेलिंगसकट, बघूनच खूण करायची.

एसईबीसी हा प्रवर्ग केंद्रात नाहीच. मराठा समाजातला उमेदवार निकषात बसत असेल तर केंद्रासाठी ईडब्ल्यूएसचा दाखला काढू शकतो. हे निकष फक्त उत्पन्नाचे नाहीत. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, शिवाय ५ एकर शेती किंवा १००० चौरस फुटांचा फ्लॅट नावावर असेल तर दाखला मिळत नाही. गावाकडच्या सामायिक सातबाऱ्यावर गाडी इथंच अडते.

नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस हे दोन्ही दाखले केंद्राच्या नमुन्यात आणि माहितीपत्रकात दिलेल्या आर्थिक वर्षातले लागतात. घरात पडलेला राज्याच्या नमुन्यातला जुना दाखला, त्याची मुदत शिल्लक असली तरी, तिथं चालेलच असं नाही. त्यात अर्ज जानेवारीत आणि प्रवेश जूननंतर, म्हणजे मध्ये १ एप्रिल येऊन जातो. प्रवेशाच्या वेळी पुन्हा नवा दाखला मागितला जाऊ शकतो. जुहू अंधेरी तालुक्यात येतं, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला अंधेरी तहसीलमधून निघतो, अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात. जून महिन्यात तिथं किती गर्दी असते ते ज्यांनी बारावीनंतर अनुभवलंय त्यांना सांगायला नको.

परराज्यातून आलेल्या कुटुंबांचा प्रश्न आणखी वेगळा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीचा दाखला काढायला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. नेहरूनगरसारख्या वस्तीतली कित्येक घरं त्यानंतर मुंबईत आली. अशा कुटुंबाला महाराष्ट्राच्या जागांवर सवलत मिळत नाही, पण मूळ राज्याच्या दाखल्यावर केंद्राच्या संस्थेत मिळू शकते. त्यांच्यासाठी पहिलं दार म्हणूनच जास्त महत्त्वाचं आहे.

‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’

बहुतेक ठिकाणी अर्जासोबत किंवा मुलाखतीआधी एक निवेदन लिहून घेतात: हा कोर्स का करायचा आहे? त्यात वरचं वाक्य असतंच असतं. ते खोटं नसतं, पण त्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही.

त्यापेक्षा एक पाहिलेली गोष्ट नीट लिहावी. समजा, एखाद्या मुलीची आई बंगल्यांवर धुणीभांडी करते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. मग आईच्या गल्लीतल्या किती बायकांची नोंदणी झाली? नसेल झाली तर का? कागद नव्हते, माहिती नव्हती, की सुट्टी घेऊन कचेरीत जाणं परवडत नव्हतं? दहा घरांत जाऊन एवढं विचारलं तरी निवेदनाचा अर्धा भाग तयार होतो, आणि मुलाखतीत त्यावर पुढचे प्रश्न आले तर बोलायला काहीतरी असतं. कोळीवाड्यातल्या मुलाला मासेमारी आणि जागेचे प्रश्न कुणी शिकवायला नको. फेरीवाल्याच्या घरातल्या मुलीला २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचायला एक संध्याकाळ पुरते, आणि त्यातलं चौपाटीवर काय पाळलं जातं हे तिला आधीच माहीत असतं.

उलट बाजूनं, फक्त स्वतःच्या हालअपेष्टांची कहाणी लिहिणंही पुरत नाही. गरिबी सोसली म्हणजे गरिबीवर काम करता येतं असं नाही, हे मुलाखत घेणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांना बघायचं असतं की आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाचं ऐकून घेता येतं का. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याकडे बायको परत का जाते, या प्रश्नावर लगेच निकाल देणारा उमेदवार तिथं मागे पडतो. कॉलेजात एनएसएस केलं असेल तर जरूर लिहावं, पण सर्टिफिकेटांची यादी नको. शिबिरात काय केलं आणि काय फसलं ते लिहावं.

फील्डवर्क आणि पैसे

चार सेमिस्टरच्या या कोर्समध्ये वर्गाइतकंच वजन क्षेत्रकार्याला असतं. सर्वसाधारणपणे आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत, हॉस्पिटलात, शाळेत किंवा वस्तीत काम, त्याचा लेखी अहवाल आणि त्यावर मार्गदर्शकाशी चर्चा. यातून मोठी कामं उभी राहिली आहेत. पोलिसांच्या जोडीनं चालणारा महिला आणि बालकांसाठीचा विशेष कक्ष टिसनं मुंबईत १९८४ मध्ये सुरू केला. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा नंबरही १९९६ मध्ये टिसच्याच प्रकल्पातून आला.

पण या दोन दिवसांना सहसा पैसे मिळत नाहीत. उरलेल्या दिवशी लेक्चर. त्यामुळे नोकरी सांभाळून नियमित एमएसडब्ल्यू करणं जवळजवळ अशक्य आहे. घरात कमावणारं कोण, हा प्रश्न अर्जाआधीच सोडवावा लागतो. ज्यांना नोकरी सोडता येत नाही ते इग्नूच्या दूरशिक्षणातल्या एमएसडब्ल्यूकडे वळतात. फील्डवर्क मात्र तिथंही चुकत नाही. प्रवासाचा हिशोबही करावा. निर्मला निकेतनला जायचं तर पार्ले किंवा सांताक्रूझहून चर्चगेट लोकल. देवनारसाठी हार्बरनं वडाळ्याला गाडी बदलून गोवंडी, किंवा डी. एन. नगरहून मेट्रोनं घाटकोपर आणि पुढे बस. फील्डवर्क तिसऱ्याच टोकाला मिळू शकतं.

शिष्यवृत्तीचे अर्ज ‘महाडीबीटी’वर होतात. अनुसूचित जातींच्या केंद्रीय मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ८ लाखांपर्यंत आहे. मात्र संस्था आणि कोर्स योजनेच्या यादीत आहे का, हे आधी बघावं. शिष्यवृत्ती मंजूर होणं आणि पैसे खात्यात येणं यातही मोठं अंतर असतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये टिसच्या विद्यार्थ्यांनी संप केला तो याच मुद्द्यावर. शिष्यवृत्तीधारकांनी होस्टेल आणि जेवणाचे पैसे आधी भरावेत, या निर्णयाला त्यांचा विरोध होता. पहिल्या हप्त्याची रोकड कुठून येणार, हे प्रवेशाच्या दिवशी नव्हे, त्याआधी ठरलेलं असावं.

नोकऱ्यांचं सांगायचं तर हॉस्पिटलं, बालसंरक्षण कक्ष, परिविक्षा अधिकाऱ्याची पदं, कंपन्यांचे सीएसआर विभाग आणि स्वयंसेवी संस्था. सरकारी जागा मोजक्या आणि संस्थांतली बरीच कामं कंत्राटी असतात. वकिलांची बार कौन्सिल असते तशी समाजकार्यकर्त्यांची वैधानिक परिषद भारतात नाही, त्यामुळे पदवीइतकंच फील्डवर्क कुठे केलं हेही विचारलं जातं.

यंदाची वेळ गेली असेल तर

जून उजाडला असेल तर राज्यातल्या महाविद्यालयांचा मार्ग खुला असतो. तिथंही जमलं नाही, किंवा टिसच हवं असेल, तर डिसेंबरपर्यंत सहा महिने हातात आहेत. या काळात जवळच्या एखाद्या संस्थेत, बालवाडीत किंवा अभ्यासिकेत नियमित काम करावं. आठवड्यातून दोनच दिवस चालतील, पण ठरलेले. रोज काय केलं ते वहीत तारखेनिशी लिहून ठेवावं. शेवटी संस्थेकडून पत्र घेताना त्यात कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, किती तास आणि नेमकं कोणतं काम केलं, हे लिहून घ्यायचं. ‘उमेदवार मेहनती व होतकरू आहे’ एवढंच लिहिलेलं पत्र घेऊ नये.