कुलवृत्तांत
एका आडनावाच्या घराण्याची वंशावळ, गोत्र, कुलदैवत, मूळ गाव व स्थलांतरे यांची साधार नोंद करणारा ग्रंथ. मराठीत हा प्रकार विसाव्या शतकात रूढ झाला. यांतील बरेच ग्रंथ चित्पावन घराण्यांविषयीचे असून त्यांपैकी अनेकांची मूळ गावे रत्नागिरी जिल्ह्यात आहेत. बाळाजी विश्वनाथास १७१३ मध्ये पेशवेपद मिळाल्यानंतर यांतील पुष्कळ कुटुंबे घाटावर गेली व कालांतराने शाखांचा परस्परसंबंध तुटला.

खोतीच्या सनदा, निवाडपत्रे, पेशवे दप्तर आणि त्र्यंबकेश्वर, नासिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या ही या संशोधनाची प्रमुख साधने होत. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याच्या प्रथेमुळे तीच नावे पुनःपुन्हा येतात व एखादी पिढी गळते किंवा दुबार धरली जाते. म्हणून दिनांकित कागदाशी पडताळा घ्यावा लागतो. केवळ आडनाव हा पुरावा नव्हे. जोशी हे व्यवसायनाम अनेक गोत्रांत आढळते, तर पेशवे घराण्याचे मूळ आडनाव भट होते.

जुन्या वंशावळी बहुधा पुरुषपरंपरेच्या असतात. त्यांत कन्या व सुना यांची नावे क्वचितच येतात. वतन किंवा सनद असलेल्या घराण्यांचे कागद टिकले. त्यांची जमीन कसणाऱ्या कुळांच्या पिढ्या मात्र बव्हंशी स्मरणातच राहिल्या. त्यामुळे कुलवृत्तांतातील मौन हा त्या माणसांच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही.