पडद्यामागच्या हातांची नोंदवही

1912 साली दादासाहेब फाळके लंडनला गेले, तेव्हा त्यांच्या मदतीला आलं ते एक साप्ताहिक. 'बायोस्कोप' हे सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांसाठी निघणारं पत्र ते मुंबईत वाचत असत. त्याच्या कचेरीची पाटी दिसली आणि फाळके सरळ आत शिरले. संपादक केबर्न यांनी आधी त्यांना या भानगडीत पडू नका असंच सांगितलं. पण हा माणूस हटत नाही म्हटल्यावर त्यांनीच सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी त्यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला वॉल्टनचा स्टुडिओ त्यांना आतून दाखवला. पुढचं तुम्हाला माहीत आहे: 1913 च्या मे महिन्यात मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' लागला.

या गोष्टीत कॅमेऱ्याची खरेदी सगळ्यांच्या लक्षात राहते, साप्ताहिकाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. सिनेमा बघणाऱ्यांसाठी निघणारी मासिकं वेगळी आणि तो करणाऱ्यांसाठी निघणारी वेगळी. पहिली नटनट्यांचे चेहरे छापतात. दुसरी वाचून एखादा वाचक उठतो आणि स्वतःच काहीतरी करायला लागतो. ही दुसऱ्या जातीची मासिकं नेहमीच थोडी असतात, थोड्यांसाठी असतात आणि ती चालवणं सोपं नसतं. असं एक नियतकालिक तब्बल एक्केचाळीस वर्षं चाललं. त्याचं नाव 'सिनेफेक्स'.

डॉन शे या लेखकाने ते 1980 मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमधून सुरू केलं. त्याआधी 'किंग काँग'चा गोरिला हलवून दाखवणाऱ्या विलिस ओब्रायनवर त्याने एक दीर्घ लेख लिहिला होता. म्हणजे खटकी आधीच बसलेली होती: पडद्यावर जे दिसतं ते नेमकं कुणी आणि कसं बनवलं? त्या वेळी परिस्थितीही अनुकूल होती. 1977 च्या 'स्टार वॉर्स'नंतर तरुण मुलांचा एक मोठा जथा मॉडेलं, कॅमेरे, रंग आणि रबर घेऊन हॉलिवूडमध्ये कामाला लागला होता. ते काय करताहेत हे सविस्तर लिहून ठेवणारे मात्र फार थोडे होते. सिनेफेक्सच्या पहिल्या अंकात दोनच चित्रपट होते, 'एलियन' आणि पहिला 'स्टार ट्रेक'.

अंकाचा आकार आडवा आणि जवळजवळ चौकोनी होता. सिनेमाची चौकटही आडवी, त्यामुळे फोटो पानभर पसरून छापता येत. पण खरा वेगळेपणा मजकुरात होता. एकेका चित्रपटावर पानंच्या पानं लिहिलेली असत. दिग्दर्शक बोलेच, पण त्याच्याबरोबर मॉडेल बनवणारा, मुखवटा ओतणारा, काचेवर पार्श्वभूमी रंगवणारा, कॅमेऱ्याचं यंत्र जुळवणारा, असे सगळे बोलत. कुठला प्रयोग फसला, मग काय बदललं, कोणता पदार्थ वापरला, हे नावानिशी छापलं जाई. नट-नट्यांची लफडी नाहीत, किती तारे द्यायचे याचा हिशेब नाही. ज्याला हे काम करायचं आहे किंवा जो ते करतो आहे, तो वाचक समोर धरून लिहिलेलं हे लेखन होतं. जाहिरातीही बऱ्याचशा याच धंद्यातल्या कंपन्यांच्या असत.

या पद्धतीची किंमत कळायची असेल तर 1982 च्या जुलैमधला नववा अंक पाहावा. तो अख्खा अंक 'ब्लेड रनर' या एकाच चित्रपटाला दिलेला होता. चित्रपट जूनच्या अखेरीस लागला आणि तिकीटबारीवर आपटला. धंद्याच्या हिशेबाने पाहिलं तर पडेल सिनेमावर अख्खा अंक काढणं म्हणजे वेडेपणाच. पण सिनेफेक्सला रस होता तो सुरुवातीच्याच दृश्यात दिसणाऱ्या, धूर ओकणाऱ्या अफाट शहरात. पितळेच्या पत्र्यावर ॲसिडने कोरून काढलेल्या इमारतींच्या आकृत्या, त्यांच्यामागून येणारे फायबर ऑप्टिकचे बारीक दिवे आणि दूरवरच्या गोष्टी लहान करत नेऊन साधलेली खोली यांतून ते उभं राहिलं होतं. सिड मीडची रेखाटनं आणि डग्लस ट्रम्बुलच्या चमूची कारागिरी ताजी असतानाच नोंदली गेली. पुढे काही वर्षांनी जग 'ब्लेड रनर'ला अभिजात म्हणू लागलं, तेव्हा ही नोंद तयार होती. पुढे त्या अंकाचं पुस्तकही निघालं. यश येण्याची वाट बघत बसलं असतं, तर तोवर मॉडेलं मोडीत निघाली असती आणि माणसं बारकावे विसरली असती.

असाच दुसरा मोलाचा क्षण 1993 चा. 'जुरासिक पार्क'मधले बरेचसे डायनोसॉर आधी छोट्या बाहुल्यांचे असणार होते आणि ते हलवण्याचं काम फिल टिपेट या उस्तादाकडे होतं. मग संगणकावर चालवलेल्या डायनोसॉरच्या चाचण्या समोर आल्या आणि बाहुल्यांचा बेत बारगळला. पण टिपेट बाहेर पडला नाही. प्राणी वजन कसं पेलतो, वळताना मान कशी टाकतो, हे संगणकावर काम करणाऱ्या मुलांना त्यानेच शिकवलं. त्याच्या माणसांसाठी सेन्सर लावलेला एक सांगाडाही बनवला गेला. तो हाताने हलवला की संगणकातला प्राणी हले. एक कारागिरी संपताना आपलं ज्ञान दुसरीच्या हाती कसं देते, ते त्या काळातल्या सिनेफेक्सच्या लेखांत आणि डॉन शे व जोडी डंकन यांनी त्याच साली लिहिलेल्या पुस्तकात वाचायला मिळतं. आज एआयमुळे आपलं काम जाणार का, या चिंतेत असलेल्या ॲनिमेटरने ते जरूर वाचावं.

सिनेफेक्स पुढे त्रैमासिकाचं द्वैमासिक झालं, आयपॅडवर आलं, जुने अंकही तिथे आणले गेले. मग कोविड आला. थिएटरं बंद पडली, मोठे चित्रपट लांबणीवर गेले. चित्रपटच लागत नसतील, तर ते कसे बनले हे सांगणाऱ्या अंकाने काय छापायचं? 2021 च्या फेब्रुवारीत, 172 अंकांनंतर, सिनेफेक्स थांबलं.

आता आपल्याकडे बघू. फाळक्यांना या नोंदीचं महत्त्व पुरेपूर कळलं होतं. 1917 मध्ये त्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटच काढला आणि त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात आपल्या धडपडीबद्दल लेख लिहिले. त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं या लेखांतून आलेलं आहे. ज्याला एका साप्ताहिकाने वाट दाखवली, त्याने मासिकातून पुढच्यांना वाट दाखवली.

पण ही परंपरा पुढे रुजली नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी दामल्यांच्या मदतीने स्वतःच कॅमेरा बनवला, रंगवलेल्या पडद्यांच्या जागी भरीव सेट उभे केले, आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. त्यांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या फत्तेलालांनी 'प्रभात'मध्ये कलादिग्दर्शन केलं आणि दामल्यांबरोबर दिग्दर्शित केलेला 'संत तुकाराम' 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. तुकारामाला न्यायला आलेलं विमान कशाचं बनवलं होतं, ते कुणी उचललं, पहिल्या प्रयत्नात काय बिघडलं? असे प्रश्न त्याच आठवड्यात जाऊन विचारणारं, करणाऱ्यांसाठीचं नियतकालिक आपल्याकडे टिकलं असतं, तर आज त्या सेटवरच्या सुताराचं नावही आपल्याला ठाऊक असतं.

आज मराठी सिनेमात आणि वेबसीरिजमध्ये सेट, वेशभूषा, व्हीएफएक्स, पोस्टर आणि श्रेयनामावलीची अक्षरं घडवणारे शेकडो तरुण आहेत. त्यांच्यातल्या कुणाला असं नियतकालिक काढायचं झालं, तर छापखाना लागत नाही, कागद लागत नाही. लागते ती सिनेफेक्सची शिस्त: एका वेळी एकच काम धरायचं, ते करणाऱ्या प्रत्येकाला भेटायचं, नाव बिनचूक लिहायचं, आणि सिनेमा चालतो की पडतो हे कळायच्या आत जायचं. सेट एकदा मोडला की त्याची फळकुटं दुसऱ्या सेटला लागतात. जायचं ते त्याआधी.