दंतवैद्यकातील प्रकाशशलाका

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दाताच्या दुखण्याहून अधिक धास्ती वाटते ती दात कोरणाऱ्या यंत्राची. हे यंत्र १८७१ साली मॉरिसनने पायाने चालविले, १८७५ साली ग्रीनने विजेवर चालविले आणि १९५७ साली ते हवेच्या दाबावर मिनिटाला सुमारे ३,००,००० फेरे घेऊ लागले. वेग वाढला, परंतु दात घासून झिजवावयाचा, हे तत्त्व कायम राहिले. दाताला स्पर्शही न करता कीड काढता येईल काय?

या प्रश्नाला १९६० साली नवी आशा मिळाली. त्या वर्षी १६ मे रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेसर किरण काढला. दिव्याचा प्रकाश म्हणजे जत्रेतली गर्दी. लेसर म्हणजे एका तालात पावले टाकणारी पलटण. एकाच रंगाचा आणि एकाच दिशेचा हा प्रकाश सूक्ष्म बिंदूवर एकवटता येतो.

१९६४ साली स्टर्न व सॉग्नेस यांनी तो दातांवर सोडून पाहिला, तेव्हा वरचे टणक कवच काचेसारखे वितळले. १९६५ साली लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी आपल्या दंतवैद्य बंधूंच्या जिवंत दातावर हा किरण सोडला. वेदना मुळीच झाली नाही! मग यंत्राला रजा का मिळाली नाही? कारण वेदना नसणे म्हणजे इजा नसणे नव्हे. प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले की, माणकाच्या किरणाची उष्णता आत झिरपून दाताचा नाजूक गर मारून टाकते.

येथे संशोधकांना कळून चुकले की, प्रश्न किरणाच्या बळाचा नसून, कोणता पदार्थ कोणता प्रकाश शोषतो, याचा आहे. १९६४ सालीच कार्बन डायॉक्साइड वायूचा लेसर निघाला होता. त्याचे जनक कुमार पटेल हे बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. त्यांचा किरण पाणी चटकन शोषते. म्हणून पाण्याने भरलेली हिरडी तो कापतो आणि रक्तस्रावही थोडा होतो. टणक दात मात्र त्याने तापून तडकत असे.

त्यावर उपाय सापडला एर्बियम या धातूच्या लेसरमध्ये. १९८९ साली जर्मनीतील हिब्स्ट व केलर यांनी त्याचा दातावरील परिणाम प्रसिद्ध केला. या किरणाला पाणी अतिशय वेगाने शोषते. दाताच्या कवचातही थोडे पाणी असतेच. किडलेल्या भागात ते अधिक असते. क्षणार्धात त्याची वाफ होते आणि त्या सूक्ष्म स्फोटांनी कण उडून जातात. वरून पाण्याचा फवारा चालू असल्याने आतला गर तापत नाही. १९९७ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दातावरील या उपचाराला मान्यता दिली.

तरीही जुने यंत्र अडगळीत गेलेले नाही. चांदीचे जुने भरण काढावयास तेच लागते; लेसर महाग आहे, आणि वैद्य व रोगी दोघांनाही डोळ्यांवर विशेष चष्मा चढवावा लागतो.

मेमन ते मान्यता, हा प्रवास सदतीस वर्षांचा! पहिल्याच प्रयोगातील वेदनारहित यशावर भुलून सर्वांनी तो किरण वापरला असता, तर कितीतरी निरोगी दात निःशब्दपणे मेले असते. रोग्याला न कळणारी इजाही जे शास्त्र शोधून काढते, तेच त्याच्या विश्वासाला पात्र ठरते.