दिनविशेष : २३ मे २०१२ – राझग्रादचा राजयोग

बल्गेरियाच्या ईशान्येला राझग्राद नावाचे छोटे शहर आहे. तिथला लुदोगोरेत्स हा फुटबॉल क्लब या दिवसाच्या वर्षभर आधीपर्यंत दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ‘ब गटा’त खेळत होता. या गटाचे तेव्हा पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग होते. २०१०-११ च्या हंगामात पश्चिमेत बोतेव व्रात्सा अव्वल आला, पूर्वेत लुदोगोरेत्स. दोघेही वर चढले, पण बोलबाला झाला तो एकाचाच.

औषधनिर्मितीतले उद्योजक किरिल दोमुस्चिएव यांनी २०१० मध्ये क्लब हाती घेतला होता. तेव्हा पैसा होता, हे मान्यच. पण पैसा ओतूनही हात चोळत बसलेले मालक थोडे नाहीत.

पहिल्या श्रेणीतल्या पदार्पणाच्या हंगामात शेवटचा सामना आला तो थेट सीएसकेए सोफियाशी. ३१ विजेतेपदे नावावर असलेला हा राजधानीचा संघ ६९ गुणांवर, तर लुदोगोरेत्स ६७ वर. सोफियाकरांना विजेतेपदासाठी नुसती बरोबरी पुरे होती. लुदोगोरेत्सच्या मिरोस्लाव इवानोवने गोल केला, सामना १-० सुटला आणि गुणतक्ता उलटला : ७० विरुद्ध ६९!

आठवडाभर आधीच, बुर्गासला लोकोमोतिव प्लोवदिवला २-१ असे हरवून प्रशिक्षक इवायलो पेतेव यांच्या संघाने बल्गेरियन चषकही खिशात घातला होता. हे धरून २०२५ पर्यंत लुदोगोरेत्सने लीगची सलग १४ विजेतेपदे पटकावली.