कल्हईचं कथील, डेल्फ्टची बशी आणि आपली चादर

मंडळी, सोलापुरी चादरीच्या नकलेवर बोलणं निघालं की मला हॉलंडमधलं डेल्फ्ट गाव आठवतं. थोडं लांबचं आहे, पण वाचा.

१६०४ साली ॲमस्टरडॅमला एका लुटलेल्या पोर्तुगीज जहाजावरचा माल लिलावात निघाला. त्यात चिनी मातीची हजारो भांडी, पांढरीशुभ्र, वर निळी नक्षी. फ्रान्सच्या राजानेही त्यातली घेतली. मग काय, श्रीमंतांच्या घरी तशीच ताटं-बश्या हव्यात असं वेड लागलं. पुढे १६४४ ला मिंग राजवट कोसळली, चीनमध्ये अंदाधुंदी माजली आणि माल येईना. डेल्फ्टच्या कुंभारांनी संधी साधली. बंद पडलेल्या बिअरच्या भट्ट्यांच्या जागेत त्यांचे कारखाने निघाले.

पण चिन्यांची पांढरी माती आणायची कुठून? मग कथील कामाला आलं. आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ना, तेच. कथील जाळून त्याची भुकटी काचेच्या लेपात मिसळली की लेप दुधासारखा होतो, खालची पिवळट माती झाकतो. लेप कोरडा झाला की त्यावर कोबाल्टची निळी चित्रं. कुंचला टेकला की रंग शोषला गेलाच, चूक खोडायची सोय नाही. बशीचा टवका उडाला की मात्र आतली खरी माती दिसायची. तरी विकायचे 'पोर्सेलिन' म्हणूनच!

नक्कलच ती. पण हळूहळू बशीवर पवनचक्क्या आल्या, ट्यूलिपसाठी मनोऱ्यासारख्या फुलदाण्या आल्या, माल त्यांचा स्वतःचा झाला. १७६४ ला तर कारखानदारांना आपापल्या खुणा नगरपालिकेत नोंदवाव्या लागल्या. पुढे इंग्लंडची टिकाऊ, स्वस्त भांडी आली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जुन्यांपैकी एकच कारखाना उरला, १६५३ चा.

आता आपलं बघा. जॅकार्ड माग फ्रान्सचा, विणणारे पद्मशाली तेलंगणातून आलेले, चादर मात्र सोलापूरची. उसनं घेण्यात काही वावगं नाही. पण कुणी पानिपतला विणून सोलापूरच्या नावाने विकतं तेव्हा मार बसतो तो इथल्या मागावरच्या माणसाला. जीआय मानांकन २००५-०६ मध्येच मिळालंय. कागद आहे, पण बाजारात तपासतो कोण?

गेल्या महिन्यात परगावी एका दुकानात विचारलं, "खरंच सोलापूरची आहे का?" दुकानदार म्हणाला, "साहेब, नाव तर सोलापूरच छापलंय की!"