साथ आली की गाव आठवतं


आज तिकोण्याच्या पायथ्याला राब भाजताना २०२० चा मार्च आठवला. लोकल बंद, हापिसं बंद, मग डबा खाणार कोण? मुंबईतले बरेच डबेवाले आपल्या मावळ-मुळशीकडचे. पुष्कळजण गावी आले. जुलैत लावणीला हात भरपूर, पण बांधावर बोलणं एकच: खोलीचं भाडं, पोरांची फी, काम परत मिळंल का?

असं आधीही झालंय. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या शहरातली जवळपास निम्मी माणसं निघून गेली. त्यात गिरणी कामगारही होते. पण गिरण्यांना माणसं हवीच होती. मग मालक रोजच्या रोज मजुरी द्यायला लागले, नाक्यावर जादा पैसे देऊन दुसऱ्याचे कामगार ओढायला लागले.

फरक इथंच आहे. तेव्हा काम माणसाची वाट बघत होतं. आपल्या वेळी कामच थांबलं.

खाचरानं हप्ता फिटत नाही, हे खरं. पण घरात इंद्रायणीची पोती होती म्हणून चूल पेटली. प्लॉटवाला दारात आला की एवढं आठवा.