अदृश्य माणूस आणि आमची वस्ती

'मिस्टर इंडिया' हा चित्रपट मला आवडतो. महाविद्यालयात इतिहास शिकवणाऱ्या आणि परिवर्तनाच्या चळवळीत वावरणाऱ्या माणसाने हे जाहीरपणे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. धंदेवाईक चित्रपटाविषयी आपल्या चर्चासत्रांतून जे बोलले जाते ते मला मान्यच आहे. तो शोषितांच्या असंतोषाला गुंगी आणतो, एकटा नायक समाजाचे प्रश्न तीन तासांत मुठीने सोडवतो, आणि प्रेक्षक होता तिथेच राहून घरी जातो. 'मिस्टर इंडिया'ला यातले सगळे लागू पडते. वडिलांनी मागे ठेवलेला शास्त्रीय शोध, बेटावर बसलेला खलनायक, देशावर रोखलेली क्षेपणास्त्रे, अनाथ मुले, गाणी, मारामारी. एकूण एक साचा ठरीव. तरीही मी तो अनेकदा पाहिला आणि दर वेळी मला आनंद झाला. या आनंदाची मुळे मला तपासायची आहेत. आपल्या वस्त्यांनी काय सोसले ते आपण लिहू लागलो; त्या कशाला हसल्या, हे लिहायला मात्र आपण संकोचतो.

मराठीत विज्ञानकथा नव्हती असे नाही. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली, आणि १९७४ मध्ये तिच्या कथास्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. पण ते साहित्य मासिकांतून आणि ग्रंथालयांतून फिरले. गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रंथालय नव्हते, आणि असते तरी माझ्या आईबापांना वाचता येत नव्हते. बाप सालगडी, आई रोजंदारीवर. आमच्या वस्तीत विज्ञानकथा आली ती व्हिडिओच्या कॅसेटमधून.

साल १९९५. मी तिसरीत होतो. चौदा एप्रिलची मिरवणूक संपल्यावर घरटी वर्गणी काढून गंगाखेडहून भाड्याने रंगीत टी. व्ही. आणि व्ही. सी. आर. आणला होता. असा संच एका रात्रीचाच मिळे. त्यामुळे तीन चित्रपट पाहून पैसे वसूल करायचे, हा सर्वत्र रिवाज होता. समाजमंदिरासमोर टेबल मांडले, पुढे पोरे, मागे बाया, कडेला पुरुष. 'मिस्टर इंडिया' मे १९८७ मध्ये प्रदर्शित झालेला. आमच्यापर्यंत पोचायला त्याला आठ वर्षे लागली. शिळा झाला होता असे कुणाला वाटले नाही.

त्यात मनगटावरच्या यंत्राची कळ दाबली की नायक दिसेनासा होतो. फक्त लाल प्रकाशात दिसतो. वस्तू आपोआप उचलल्या जातात, गुंड हवेत ठोसे मारतात. तेव्हा या कामाला संगणक नव्हता; पीटर परेरा यांनी कॅमेऱ्याच्या आणि तारांच्या युक्त्यांनी ते साधले होते. काळाबाजार आणि भेसळ करणारे मार खाऊ लागले तेव्हा सर्वांत मोठ्याने म्हातारी माणसे हसली. त्यांनी १९७२ च्या दुष्काळात मिलो खाल्ली होती. धान्य नसते म्हणजे ते कुठे तरी असते, हे त्यांना चित्रपटाने शिकवायची गरज नव्हती.

मग तो प्रसंग आला. एक गोरा तस्कर देवाच्या मूर्ती चोरतो आहे. अदृश्य नायक मारुतीची मूर्ती उचलतो आणि तिनेच त्याला बदडतो. मूर्ती हवेत तरंगते आहे, गोरा भेदरला आहे. मागच्या एका आजीने नकळत हात जोडले. ते पाहून एक तरुण उसळला, "जयंतीच्या दिवशी देव कामून दाखवता? बंद करा ते!" त्याचा राग समजण्यासारखा होता. १९५६ साली घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्या समाजमंदिराच्या भिंतीवरच रंगवलेल्या होत्या. शिवाय वेशीजवळच्या मारुतीच्या पारावर आमच्यापैकी कुणी बसत नसे. बसू देत नसत.

तात्या उठले. तात्या माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. मुंबईत गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर गावी आलेले. ते म्हणाले, "अरं, देव कुठं हाय त्याच्यात? धरणारा माणूस हाय. गोऱ्याला ठावं नाही, तुला तर ठावं हाय ना? बस खाली."

पोरगा खाली बसला आणि कॅसेट पुढे सुरू झाली. चित्रपटसमीक्षेची पुस्तके मी पुढे वाचली, पण त्या वाक्याइतके नेमके मला फार थोड्या ठिकाणी सापडले. प्रस्थापित समीक्षा समजते की खेडूत प्रेक्षक पडद्यावरचे सारे खरे मानतो. आमच्या वस्तीने त्या रात्री पडद्यामागचा हात ओळखला, आणि मजाही सोडली नाही.

अदृश्य माणसाची कल्पना जुनी आहे. एच. जी. वेल्स यांची कादंबरी १८९७ ची. तिच्यातला शास्त्रज्ञ सत्तेच्या धुंदीत माणुसकी गमावतो. हिंदीत १९५७ साली अशोककुमार 'मिस्टर एक्स' झाले, आणि तेच अशोककुमार 'मिस्टर इंडिया'त वयस्क प्राध्यापक म्हणून दिसतात. अमेरिकेत राल्फ एलिसन यांनी १९५२ मध्ये जवळजवळ त्याच नावाची कादंबरी लिहिली, पण तिच्यातला काळा माणूस अदृश्य आहे तो गोरे त्याच्याकडे पाहायचे नाकारतात म्हणून. आपला अनुभव याहून गुंतागुंतीचा आहे. पेशवाईत अस्पृश्याच्या सावलीचाही विटाळ होई, पुण्यात त्याला गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधावा लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये नोंदवले आहे. म्हणजे माणूस म्हणून तो दिसत नव्हता; विटाळ म्हणून त्याची सावलीसुद्धा दिसत होती. अशा माणसांच्या लेकरांना सावली न पडणारा नायक का आवडला असेल, हे वेगळे सांगायला नको. दुसऱ्या दिवशी आम्ही मनगटाला सुतळी बांधून पाटलाच्या आंब्यांकडे गेलो. लाल प्रकाश नसतानाही दिसलो.

चित्रपटाची लबाडीही सांगितली पाहिजे. त्यात भूक आहे, काळाबाजार आहे, पण जात नाही. मुले अनाथ दाखवली की पटकथालेखकाला जात विचारावी लागत नाही. आणि सर्व दुष्टता एका बेटावर नेऊन ठेवली की गावाला हात लावावा लागत नाही. आमचा मोगॅम्बो बेटावर राहत नव्हता. तो वेशीच्या आतच राहत होता आणि आम्ही त्याच्या शेतावर कामाला जात होतो.

त्या रात्री शेवट काही पाहता आला नाही. खलनायकाच्या बेटावर सारे पकडले गेले आणि नेमकी लाईट गेली. तासभर वाट पाहिली. पोरे रडकुंडीला आली. तेव्हा तात्यांनी कंदिलाच्या उजेडात शेवट सांगितला. अदृश्य माणसाने मोगॅम्बोच्या मुसक्या बांधून त्याला परभणीच्या कोर्टात उभे केले. न्यायाधीश म्हणाले, साक्षीदार दिसल्याशिवाय साक्ष घेता येत नाही. तेव्हा त्याने मनगटावरचे यंत्र काढून टेबलावर ठेवले आणि सगळ्यांसमोर साक्ष दिली. मोगॅम्बोला जन्मठेप झाली.

पुढे मी परभणीला शिकायला आलो. वसतिगृहात एका मित्राच्या संगणकावर हा चित्रपट पुन्हा लागला. कोर्ट कुठेच नव्हते. पण यंत्र मात्र खरोखरच नव्हते. ऐन वेळी नायकाजवळचे ते यंत्र हरवते, आणि मोगॅम्बोशी शेवटची झुंज तो सगळ्यांना दिसत असतानाच देतो. मी चकित झालो. सुटीत गावी गेल्यावर तात्यांना विचारले, तुम्ही शेवट बदलून का सांगितला?

तात्या तंबाखू मळत होते. म्हणाले, "म्या तरी कुठं बघितला होता? पोरं रडायली होती, म्हणून सांगितला."